गाडी येईल, पण पंपाचं काय?

मागच्या अंकात या सदरात मी चार ओळी लिहिल्या होत्या: सरकारी चाचणीतले हायड्रोजनचे ट्रक पुणे–मुंबई मार्गावरही धावणार आहेत आणि आपल्या लाइनवाल्यांनी तिकडे लक्ष ठेवायला हरकत नाही. त्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यांनाच द्यावा लागला. आधीच सांगते, मी इंजिनिअर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आमचं घरचं ट्रान्सपोर्ट आहे आणि त्याच्या वह्या मी सांभाळते. डिझेल, टोल, टायर, हप्ता, भाडं. उत्तरं त्याच अंगाने येतील.

ताई, माझे दोन ट्रेलर विटा–न्हावा शेवा लाइनवर आहेत. एक पुढच्या वर्षी बदलायचाय. थोरला मुलगा म्हणतो, डिझेल घेऊ नका, हायड्रोजन येतोय, थांबा. थांबू का? – एक गाडीमालक, विटा

दादा, थांबू नका. मुलगा चुकीचं बोलतोय असं नाही, पण त्याच्या बोलण्यात गाडी आहे आणि पंप नाही.

आपल्या लाइनचाच हिशोब मांडू. अंतर थोडं कमीच भरेल, पण हिशोबाला सोपं म्हणून एकेरी चारशे किलोमीटर धरा. भरलेला ५५ टनी ट्रेलर लिटरला तीन किलोमीटर देतो असं समजू. म्हणजे १३३ लिटर डिझेल, नव्वद रुपयांनी बारा हजार. आता हायड्रोजन. युरोपात ४० टनी फ्यूएल सेल ट्रकला (यात हायड्रोजनपासून वीज होते आणि तिच्यावर गाडी पळते) शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो लागतो. आपला लोड जास्त, घाट जास्त, तरी त्या गाडीच्या बाजूने झुकतं माप टाकून साडेआठ किलो धरते. चारशे किलोमीटरला ३४ किलो. बारा हजाराला ३४ ने भागा, ३५० रुपये येतात. पंपाच्या नळीतून किलोमागे साडेतीनशेला हायड्रोजन मिळाला तर तुम्ही डिझेलवाल्याच्या बरोबरीला आलात, आणि तेही फक्त इंधनात.

मिळेल का? २०२५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या निविदांत हरित हायड्रोजनचे (सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाण्यातून वेगळा काढलेल्या) दर किलोला ३०० ते ४०० रुपयांच्या दरम्यान निघाले. वाचून बरं वाटतं. पण तो दर कारखान्याच्या आवारातला आहे, घाऊक आणि वर्षानुवर्षांच्या कराराचा. तिथून तो दाबून भरायचा, आपल्यापर्यंत आणायचा, पुन्हा ३५० किंवा ७०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) दाबून गाडीत सोडायचा. खरा खर्च इथे दडलाय, आणि पेपरातल्या बातम्यांत तो कधी येत नाही.

तुम्ही टँकरवाल्यांना ओळखता. डिझेलचा २० हजार लिटरचा टँकर पंपावर खाली झाला की आपल्यासारख्या दीडशे फेऱ्यांची सोय होते. हायड्रोजन पोलादी नळकांड्यांच्या ट्रेलरमधून २०० बारला आणला, तर तीस-चाळीस टन वजनाची ती आख्खी गाडी साधारण तीन-साडेतीनशे किलो वायू आणते. दहा ट्रक भरले की संपला. म्हणजे दहा गाड्यांमागे एक गाडी नुसतं इंधन वाहायला. कार्बन फायबरच्या टाक्यांचे ट्रेलर याहून बरंच जास्त आणतात, पण त्यांची किंमतही तशीच.

परदेशात काय झालं तेही बघा. स्वित्झर्लंडमध्ये २०२० पासून ह्युंदाईचे हायड्रोजन ट्रक दुकानांचा माल वाहताहेत आणि चांगले चालताहेत. पण तिथे जड गाड्यांना किलोमीटरवर मोठा कर आहे, तो या ट्रकांना माफ. शिवाय मालकांनी ट्रक विकत घेतलाच नाही. किलोमीटरवर भाडं ठरलं, त्यात गाडी आली, दुरुस्ती आली, हायड्रोजनही आला. उलट अमेरिकेतली निकोला ही हायड्रोजन ट्रकांची गाजलेली कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्यांनी गाड्या विकत घेतल्या त्यांचं दुखणं मला इथून कळतं. हप्ता चालू आणि सर्व्हिसला वाली नाही.

म्हणून उद्या एखादी कंपनी तुमच्या दारात आली आणि म्हणाली, इंधनासकट किलोमीटरवर गाडी देतो, तर बसा, चहा पाजा, बोला. बँकेचं कर्ज काढून पहिला हायड्रोजन ट्रक आपल्या नावावर पासिंग करायचा असेल तर मी नाही म्हणेन. आपण पाच-सहा वर्षांनी गाडी काढतो आणि त्या पैशावर दुसरीचा डाऊन पेमेंट भरतो. जुन्या हायड्रोजन ट्रकला गिऱ्हाईक कोण?

सध्या डिझेल घ्या, पण हप्त्याची मुदत आटोपशीर ठेवा. २०३० च्या आसपास चित्र बदललं तर मोकळे असाल.

मॅडम, मी मिरजेत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हायड्रोजन ट्रकच्या धुराड्यातून फक्त पाणी येतं. मग तो शून्य प्रदूषणाचा नाही का? आमच्या वर्गात दोन तट पडलेत. – एक विद्यार्थी

दोन्ही तटांना कागद-पेन्सिल दे. तीच ४०० किलोमीटरची फेरी, तोच ३४ किलो हायड्रोजन.

डिझेलचा एक लिटर जळला की २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. १३३ लिटरचे साधारण ३६० किलो.

आता हायड्रोजन आला कुठून ते विचारा. आज भारतात वापरला जाणारा जवळपास सगळा हायड्रोजन खत कारखान्यांत आणि रिफायनरीत नैसर्गिक वायूपासून होतो. त्यात किलोमागे दहा किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ३४ किलोचे ३४० झाले. म्हणजे धूर ट्रकमागून निघाला नाही, कारखान्याच्या चिमणीतून निघाला. फरक जवळजवळ शून्य.

दुसरी तऱ्हा, ग्रिडच्या, म्हणजे घरोघरी येणाऱ्या नेहमीच्या विजेने पाणी फोडून त्यातला हायड्रोजन वेगळा काढला. किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइडच, पुढेही तसंच धर), कारण निम्म्याहून जास्त वीज कोळशाची. एका किलो हायड्रोजनला सदतीस-अडतीस किलो, फेरीला साडेबाराशे. डिझेलच्या साडेतीनपट! इथे वर्गात शांतता पसरेल बघ.

तिसरी तऱ्हा सूर्य-वाऱ्याच्या विजेची. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवली. किलोमागे दोन किलोपेक्षा जास्त कार्बन असेल तर तो हरित नाही. तो वापरला तर फेरी सत्तरच्या आत बसते. त्या गाडीला मी मनापासून हात जोडीन.

आणि बॅटरीचे भक्त असतील त्यांनाही सोडू नकोस. बॅटरीच्या ट्रकला किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट लागतं. फेरीला साधारण ५६०. ग्रिडवर चार्ज केला तर ३९०-४०० किलो कार्बन, म्हणजे डिझेलच्या तोडीस तोड. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. त्याच फेरीला हायड्रोजन करायला १८०० च्या वर युनिट जातात. वीज स्वच्छ असो वा काळी, एकाच कामाला तिप्पट. पाणी फोडताना काही गेली, दाबताना गेली, फ्यूएल सेलमध्ये पुन्हा वीज करताना जवळपास निम्मी उष्णता होऊन गेली. हे कुठल्या कंपनीचं कसब कमी पडलं म्हणून होत नाही, निसर्गाचा नियमच तसा आहे. तुझ्या पुस्तकात तो असेल.

ताई, कराडला हायवेला माझं डिझेल गॅरेज आहे. वीस वर्षं नोझल आणि पंपाचं काम केलं. हायड्रोजन आला तर आम्ही काय करायचं? आणि स्फोटाची भीती किती खरी? – एक मिस्त्री, कराड

हे पत्र मला सगळ्यात आवडलं.

भाऊ, हायड्रोजनचे ट्रक दोन जातीचे. एकात फ्यूएल सेल. तिथे हायड्रोजन जळत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वीज तयार होते आणि मोटर चाक फिरवते. दुसऱ्यात इंजिनच असतं, पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बो सगळं, फक्त डिझेलच्या जागी हायड्रोजन जळतो. ४ मार्च २०२५ ला टाटा मोटर्सच्या ज्या गाड्या चाचणीला निघाल्या त्यांत दोन्ही आहेत. केंद्राने मंजूर केलेल्या पाच प्रकल्पांत मिळून ३७ ट्रक-बस, त्यातल्या १५ फ्यूएल सेलच्या आणि २२ इंजिनवाल्या. रिलायन्स आणि अशोक लेलँडने फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूला दाखवलेला ट्रकही इंजिनवालाच होता.

इंजिनवाली जात चालली तर तुमचं गॅरेज चालेल. स्पार्क प्लग येतील, इंजेक्टर वेगळे येतील, पण हात तेच. त्यातून कार्बन जवळजवळ निघत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र निघतात, कारण ज्वाळा तापली की हवेतला नायट्रोजन जळतोच. तेव्हा धुराची ट्रीटमेंट सुटली नाही. शिवाय ती फ्यूएल सेलपेक्षा जास्त हायड्रोजन पिते. तिची जमेची बाजू अशी की थोडा कमी शुद्ध वायू तिला चालतो. फ्यूएल सेलला ९९.९७ टक्के शुद्ध लागतो. गंधकाचा अंश गेला तरी आतला प्लॅटिनमचा थर मार खातो.

फ्यूएल सेलच्या बाबतीत मला एका गोष्टीची शंका आहे, ती तुम्हाला पटकन कळेल. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता सायलेन्सरवाटे बाहेर जाते. फ्यूएल सेलची बहुतेक सगळी रेडिएटरवाटे काढावी लागते, आणि तो चालतो जेमतेम ८० अंशांच्या आसपास. बाहेर एप्रिलमधले चाळीस, गाडी भरलेली, समोर खंबाटकीचा चढ. त्या रेडिएटरला केवढं काम पडेल! युरोपातल्या चाचण्यांवरून याचा अंदाज यायचा नाही. म्हणूनच आपल्याकडच्या रस्त्यांवर चाचण्या होताहेत हे मला मोलाचं वाटतं.

आता भीतीचं. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेट घेतो. स्वेटर काढताना उडते तेवढी ठिणगी पुरते. ज्वाळा दिवसाउजेडी दिसत नाही, वास नाही, आणि एलपीजीसारखा वास मिसळावा तर फ्यूएल सेल खराब होतो. पण तो सगळ्यात हलका वायू आहे. उघड्यावर गळला तर क्षणात वर निघून जातो. एलपीजीसारखा जमिनीलगत साचत नाही. तुमच्या गॅरेजला पत्र्याचं बंद छप्पर असेल तर धोका तिथे, कारण तो वर कोपऱ्यात साचेल. छपराला झरोके आणि वर सेन्सर नसताना अशी गाडी आत घेऊ नका.

जून २०१९ मध्ये नॉर्वेत ओस्लोजवळ हायड्रोजनच्या पंपावर मोठा स्फोट झाला. तपासात निघालं की एका टाकीच्या प्लगचे बोल्ट जोडणीच्या वेळी नीट आवळलेच नव्हते. एवढ्या मोठ्या तंत्रज्ञानाला शेवटी टॉर्क रेंच धरणारा माणूस नडला. तुमच्या धंद्याला मरण नाही भाऊ. हाय व्होल्टेज आणि उच्च दाबाच्या वायूचं प्रशिक्षण मिळालं तर सोडू नका. ते पंचवीस वर्षांच्या पोरालाच द्यायचं असा काही नियम नाही.

चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर एवढ्या पवनचक्क्या आहेत. त्यांच्यावरच हायड्रोजन करून साताऱ्याला हायवेवर पंप काढला तर? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, कल्पना चांगली आहे आणि आकडाही आवाक्यातला आहे. दिवसाला दहा ट्रक भरायचे तर ३४० किलो, म्हणजे जवळपास १९ हजार युनिट. आजच्या दोन मेगावॅटच्या मोठ्या पवनचक्कीची वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला बारा हजारांच्या आसपास पडते. दीड पवनचक्की पुरे. पठारावरच्या जुन्या लहान यंत्रांची मात्र बरीच लागतील.

अडचण सरासरीतच आहे. आपल्या पठारावर वारा भरतो जून ते सप्टेंबर. आपल्याकडच्या द्राक्षाच्या गाड्या निघतात जानेवारी ते एप्रिल. पाणी फोडणारं यंत्र महागडं. ते वर्षातले आठ महिने अर्धपोटी चाललं तर किलोचा भाव चढतो. वाऱ्याला जोडीला माण-खटावकडचं ऊन घेतलं आणि वीज ग्रिडवरून आणली तर जमू शकतं. राज्याने २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरण आणलं, ८,५६२ कोटींचं. त्यात वीज वाहून नेण्याच्या आकारात सवलती आहेत. केंद्राच्या जानेवारी २०२३ च्या मोहिमेत तर १९,७४४ कोटी आहेत. पण त्यातला मोठा ओढा खत, रिफायनरी आणि पोलाद यांच्याकडे आहे आणि माझ्या मते तो बरोबर आहे. त्यांना हायड्रोजनला दुसरा पर्याय नाही, ट्रकला आहे. तीच दीड पवनचक्की बॅटरीच्या तीसेक ट्रकांना पुरेल.

जतला प्यायला टँकर लागतो. आणि तुम्ही पाणी फोडून गाड्या चालवणार? – एक संतप्त वाचक

राग समजतो. एका किलोला रासायनिक हिशोबाने नऊ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरण आणि थंड करणं धरून दुपटीहून थोडं जास्त. एका फेरीला सहा-सातशे लिटर होईल. दहा गाड्यांना रोजचा एक लहान टँकर. एक एकराला एक इंच पाणी दिलं की लाखभर लिटर जातं, आणि उसाला किती इंच जातं ते म्हैसाळच्या कालव्यावर जाऊन विचारा. प्लांट जतमध्ये काढू नये हे मात्र तुमचं खरं.

आम्ही तासगावहून युरोपला द्राक्षं पाठवतो. तिकडचे खरेदीदार आता वाहतुकीचा कार्बन विचारायला लागलेत. हायड्रोजनचा रीफर (थंड कंटेनरचा) ट्रक मिळाला तर दर वाढवून मिळेल का? – एक निर्यातदार, तासगाव

दर वाढवून मिळेल असं मी तरी लिहून देणार नाही. युरोपचा जो सीमेवरचा कार्बन कर आहे तो पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजनवर आहे, द्राक्षावर नाही. खरेदीदार विचारतो ते त्याच्या स्वतःच्या अहवालासाठी. त्याला आकडा द्या, तो आत्ताही देता येतो. पॅकहाउस ते बंदर किती लिटर डिझेल लागलं आणि रीफर कंटेनर थंड ठेवणाऱ्या जनरेटरला किती लागलं, एवढं दोन ओळीत लिहून ठेवा. दुसरी ओळ बहुतेक जण विसरतात. पॅकहाउसमध्ये आणि बंदराच्या रांगेत गाडी उभी असताना तो जनरेटर सुरूच असतो. उभ्या गाडीला विजेचं प्लग मिळालं तर तिथलं डिझेल आजच वाचतं. त्याला कुठल्या नव्या तंत्रज्ञानाची वाट बघायला नको.

यातूनच आणखी एक गोष्ट सुचते. हायड्रोजनचा मोठा फायदा सांगतात की टाकी पंधरा-वीस मिनिटांत भरते, बॅटरीला दोन तास लागतात. खरंय. पण आपल्या लाइनवर गाडी पळते किती आणि उभी राहते किती? लोडिंगला उभी, बंदराला उभी, रिटर्न भाड्यासाठी उभी. ही घाई आपल्या धंद्यात नाहीच. दुसरा फायदा वजनाचा. ५६० युनिटची बॅटरी साडेतीन टनांच्या पुढे जाते, ३४ किलो हायड्रोजन त्याच्या टाक्यांसकट सहा-सातशे किलोत बसतो. खडी, पोलाद, कोळसा वाहणाऱ्याला हा फरक कळतो. छत्तीसगडमध्ये मे २०२५ मध्ये अदानींनी ४० टनी हायड्रोजन ट्रक कोळशाच्या खाणीवर उतरवला तो काही उगाच नाही. तिथे ठरलेला रस्ता, जड माल, रोज तीच गाडी, आणि पंप मालकाच्याच आवारात. भारतात हायड्रोजनचा ट्रक आधी तगला तर अशाच ठिकाणी तगेल. द्राक्षाचा कंटेनर त्या मानाने हलका असतो.

आणि मिरजेचं जंक्शन तुमच्यापासून किती लांब आहे हो? विजेवरची रेल्वे तेवढ्याच टनाला ट्रकच्या कितीतरी कमी ऊर्जेत वाहून नेते. चार निर्यातदारांनी मिळून कंटेनरची गाडी भरायचा विचार करून बघा. ट्रान्सपोर्टवालीनं हे लिहावं याचं आमच्या घरी आश्चर्य वाटेल, पण द्राक्षाच्या हंगामात आम्हाला गाड्या पुरत नाहीत, तेव्हा आमचं काही बुडत नाही.

ताई, कारखान्याला ऊस वाहणाऱ्या माझ्या गाड्या फार तर पन्नास किलोमीटरच्या आत फिरतात. मी काय करू? – एक वाहतूकदार, वाळवा तालुका

तुम्ही हायड्रोजन विसरा. रोज तिथल्या तिथे फिरणारी गाडी बॅटरीवर चालेल, आणि केंद्राच्या विजेच्या गाड्यांसाठीच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत मोठ्या ई-ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजारांपर्यंत अनुदान आहे. त्यासाठी जुनी गाडी मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्याकडे आडोशाला पडलेली एखादी असणारच. तरी किंमत डिझेलच्या दुप्पट-तिप्पट पडते आणि ऊस हंगामी, गाडी पाच-सहा महिने बसून राहणार. बिगर हंगामात तिला काम आहे का, हे आधी ठरवा.

नसेल तर कारखान्यात चौकशी करा. साखरेच्या मळीचा, म्हणजे प्रेसमडचा बायोगॅस करून तो सीएनजीसारखा दाबून विकायची केंद्राची ‘सतत’ योजना २०१८ पासून आहे. तो गॅस सीएनजीच्या साध्या गाडीत चालतो. गाडी आज मिळते, मिस्त्रीला कळते, आणि तुमचा कारखाना प्लांट काढत असेल तर पंप गव्हाणीपासून (ऊस टाकायच्या जागेपासून) चार पावलांवर येईल. चेअरमनना गाठायचं असेल तर गळीत सुरू व्हायच्या आधी गाठा, नंतर ते भेटत नाहीत.